मुलीला एमआयटी मिळण्याची शक्यता किती?

प्रश्न सांगलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी सीबीएसईची, दहावीला ९७ टक्के, अकरावीला शाळेचे ८३. आता बारावीत. सॅट (अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) १५३०, त्यात गणितात पैकीच्या पैकी ८००. गणित ऑलिंपियाडच्या आयओक्यूएम आणि आरएमओ या पहिल्या दोन चाळण्या पार करून आयएनएमओ या राष्ट्रीय फेरीला बसली, पण पुढच्या शिबिरासाठी निवड झाली नाही. कथ्थकच्या परीक्षा मध्यमापर्यंत. दर रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना गणिताची कोडी घालते. आई-वडील दोघंही नोकरीत, मिळून वर्षाला ३२ लाख. यादीत अमेरिकेतली एमआयटी, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड. एका सल्लागाराने हे सगळं संगणकात भरून ‘एमआयटी ३५ टक्के’ असं काढून दिलंय. वडील विचारतात, तुमच्या मते खरा आकडा किती?

आधी त्या ३५ टक्क्यांचा समाचार घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. २०२४ साली एमआयटीच्या पहिल्या वर्षासाठी २८,२३२ अर्ज आले आणि १,२७५ जणांना प्रवेश देऊ केला गेला. म्हणजे साडेचार टक्के. हा झाला सगळ्यांचा मिळून आकडा. एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा देते, आणि तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो. अख्ख्या जगातून मिळून साधारण सव्वाशे ते दीडशे मुलं. तुमची मुलगी या दुसऱ्या रांगेत आहे. सल्लागाराचा आकडा खरा धरायचा तर ती त्या रांगेतल्या सरासरी मुलापेक्षा सतरापट वरचढ असायला हवी. त्या रांगेत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदकं घेऊन आलेली मुलं उभी असतात. मग सतरापट कशाच्या जोरावर? सल्लागाराकडे याचं उत्तर नसणार, कारण त्याच्या संगणकात फक्त सॅट आणि टक्के शिरतात. बाकी जे काही ठरवतं ते त्यात शिरतच नाही.

तुमचा प्रश्न मात्र मला समजतो. आपल्याकडे प्रवेश म्हणजे कटऑफ. मुंबई आयआयटीचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या गटातून गेली काही वर्षं सत्तरच्या आतच्या रँकला बंद होतंय. रँक ५० आली तर मिळालं, ५०० आली तर नाही. आयआयटीचे प्रवेश करणाऱ्या ‘जोसा’चे मागच्या वर्षांचे क्लोजिंग रँक उघडून बसलं की दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला पर्सेंटाइलचं तेच. ही सवय अंगात मुरलेली असल्यामुळे आपण अमेरिकेच्या विद्यापीठालाही तोच प्रश्न विचारतो: कितीला बंद होतं? तिथे गुणांची क्रमवारीच लावत नाहीत, त्यामुळे ते कुठल्याच आकड्याला बंद होत नाही.

तिथे नेमकं काय होतं हे सगळ्यात उघडपणे कळलं ते हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात. २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात सुनावणी झाली आणि एरवी कुलूपबंद असणारे कागद बाहेर आले. (पुढे २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला, तोच हा खटला.) त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला पहिल्या भेटीतच सांगते. एका वर्षी हार्वर्डकडे जागा होत्या सुमारे १,६००. अर्जदारांमध्ये सॅटच्या भाषेच्या भागात पैकीच्या पैकी गुण असलेली मुलं होती २,७००. गणितात पैकीच्या पैकी ३,४००. आणि शाळेतली श्रेणी शंभर नंबरी असलेली ८,०००हून जास्त. नुसत्या गुणांवर वर्ग भरायचा म्हटलं तरी तो पाच वेळा भरून वर मुलं उरली असती.

तुमच्या मुलीचे गणिताचे ८०० आता या नजरेने बघा. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे गणिताचे गुण ७८० ते ८०० असतात. म्हणजे ८०० हा तिथला मुक्काम नाही, उंबरठा आहे. तो तिने ओलांडला, छान झालं. वाचणाऱ्याच्या मनातला ‘हिला इथला अभ्यास झेपेल का?’ हा प्रश्न मिटला. पण मिटला म्हणजे तो विषयच संपला. आता १५३०चे १५६० करण्यासाठी ती पुन्हा परीक्षेला बसणार असेल तर नका बसवू. तो महिना दुसरीकडे लागू दे.

आता रांगेकडे येऊ. पालक जो टक्का वाचतात तो कुणा एकाचा नसतो, वेगवेगळ्या रांगांची ती बेरीज असते. हार्वर्डचंच उदाहरण चालू ठेवते, कारण आकडे उघड आहेत. २०२४च्या प्रवेशात लवकरच्या फेरीला (अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला) ७,९२१ अर्ज आणि ६९२ प्रवेश, म्हणजे पावणेनऊ टक्के. नेहमीच्या फेरीला ४६,०८७ अर्ज आणि १,२४५ प्रवेश, म्हणजे २.७ टक्के. हे पाहिल्यावर प्रत्येक बाप म्हणतो, ‘मग लवकर अर्ज करू, शक्यता तिप्पट!’ तसं नसतं. खटल्यातच समोर आलं की विद्यापीठाने संघासाठी हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदार वगैरे खास यादीतली मुलं आणि प्राध्यापकांची मुलं हे चौघे मिळून अर्जदारांत पाच टक्क्यांहूनही कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे तीस टक्के होते. खेळाडूंसारखी मुलं मुख्यतः लवकरच्या फेरीतच येतात. त्यांना वजा केलं की उरलेल्यांचा टक्का बराच खाली येतो. तुमची मुलगी या चौघांपैकी कुणातच बसत नाही. एक बरं आहे, एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, त्यामुळे तिथे हा वजाबाकीचा हिशेब थोडा सौम्य आहे.

म्हणून लवकरच्या फेरीने शक्यता तिप्पट होत नाही. थोडी वाढते, कारण तेव्हा वाचणारे ताजे असतात आणि जागा रिकाम्या असतात. प्रिन्स्टनची लवकरची फेरी घेतली तर तिथूनच प्रवेश घ्यायचं बंधन येत नाही, पण दुसऱ्या खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करायला मोकळीकही राहत नाही. ब्राउन, डार्टमथ, कोलंबिया, पेन, कॉर्नेल इथे लवकरची फेरी म्हणजे शब्द देणं: मिळालं तर यायचंच. पैशाची बाजू नक्की नसताना असा शब्द देऊ नये.

पैसा. यावर जरा थांबते, कारण यादीतल्या तीन नावांमध्ये खरा फरक इथेच आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. या विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात गेलाय. तुमचं ३२ लाखांचं उत्पन्न म्हणजे ३५ हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे मदत मागावीच लागणार. आता काही मोजकी विद्यापीठं परदेशी मुलांच्या बाबतीतही, पैसे मागितलेत की नाही हे निवड करताना बघतच नाहीत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅमहर्स्ट, बोडन, आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम. घेतलं की गरज पूर्ण भागवतात. एमआयटी आणि हार्वर्डने तर २०२५-२६पासून नियमच केलाय की घरचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या आत असेल आणि मालमत्ता नेहमीच्या मर्यादेत असेल तर शिक्षण शुल्क नाही, आणि १ लाखाच्या आत असेल तर आई-वडिलांनी काहीच द्यायचं नाही. मालमत्तेचे प्रश्न मात्र ते खोदून विचारतात. फ्लॅट, प्लॉट, गावची जमीन, मुदत ठेवी, सगळं लिहावं लागतं. ‘जमीन आजोबांच्या नावावर आहे’ हे उत्तर खरं असेल तर द्या, सोयीचं म्हणून देऊ नका.

स्टॅनफर्ड पैसे न बघणाऱ्यांच्या या यादीत नाही. परदेशी मुलाने मदत मागितली तर ते निवडीच्या वेळी विचारात घेतात. मदत भरपूर देतात, पण देण्याजोगी मुलं मोजून घेतात. म्हणजे तीच फाइल, तेच गुण, आणि दोन विद्यापीठांत शक्यता वेगळी, केवळ एका खुणेमुळे. ‘मग आत्ता मदत नको म्हणू, प्रवेश मिळाल्यावर मागू’ ही युक्ती दरवर्षी कुणीतरी सुचवतं. अशा बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागता येत नाही. एप्रिलमध्ये हातात पत्र आणि घरात रडारड असं मी दोनदा पाहिलंय, तिसऱ्यांदा पाहायची इच्छा नाही. कॉर्नेलही याच बाबतीत स्टॅनफर्डसारखं, पण तिथे भारतीय मुलांसाठी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली शिष्यवृत्ती आहे. एका वेळी साधारण वीस जणांना मिळते. यादीत नाव घालायला हरकत नाही.

आता फाइल. इथे मला तुमच्याकडून जास्त माहिती हवी होती, आणि तुम्ही सगळ्यात कमी दिलीय.

वाचणारा माणूस काय करतो ते डोळ्यांसमोर आणा. पेन विद्यापीठाने एक पद्धत सुरू केली, नंतर बऱ्याच ठिकाणी ती उचलली गेली: दोन जण शेजारी बसतात, एक जण गुण आणि शिक्षकांची पत्रं बघतो, दुसरा निबंध आणि बाकीचं, आणि दहा मिनिटांच्या आत दोघांचं ठरतं, पुढे न्यायचं की नाही. हार्वर्डमध्ये अभ्यास, शाळेबाहेरचं काम, खेळ आणि स्वभाव यांना वेगवेगळे आकडे देतात, १ सगळ्यात वरचा. मग प्रदेशवार गट बसतो आणि शेवटी चाळीसेक जणांची मोठी समिती. त्या खोलीत तुमच्या मुलीची बाजू एकच माणूस मांडणार असतो, तिच्या प्रदेशाची फाइल वाचणारा. त्याला दोन-तीन वाक्यांत ती कोण आहे हे सांगता आलं पाहिजे. ‘गणितात हुशार भारतीय मुलगी’ हे वाक्य त्या खोलीत त्या दिवशी चाळीस वेळा उच्चारलं गेलेलं असतं.

मला हे पटलं ते एका मुलाच्या फाइलवरून. अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कायद्याने स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं बघायला मागता येतात. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला असताना त्याने सहज अर्ज केला आणि वाचणाऱ्यांचे शेरे पाहून आला. त्याच्या १५७०बद्दल एक शब्द नव्हता. आम्ही दोघांनी घाम गाळून ज्या स्पर्धा मिळवल्या होत्या त्याबद्दलही नव्हता. शेरा होता एसटीवर. हा मुलगा तालुक्याच्या स्टँडवर रोज बसची वाट बघायचा, आणि कंटाळून त्याने दोन वर्षं कुठली गाडी किती उशिरा येते याची वहीत नोंद ठेवली होती. त्यावरून त्याने आगारप्रमुखांना एक पत्र दिलं, एक फेरी बदलून मिळाली. त्याने ही गोष्ट निबंधात अर्ध्या परिच्छेदात लिहिली होती. खरं सांगायचं तर मी ती काढून टाकायला सांगितली होती, ‘छोटी वाटते’ म्हणून. त्याने ऐकलं नाही.

तुमच्या मुलीच्या फाइलमधली एसटीची वही म्हणजे मला तो रविवारचा वर्ग वाटतो. तुम्ही त्याला एक ओळ दिलीत, तीही कथ्थकनंतर. मला त्याबद्दल दहा प्रश्न आहेत. किती मुलं येतात? कुठली कोडी चालतात, कुठली आपटतात? ती मराठीत शिकवते तेव्हा ‘प्रूफ’ला काय म्हणते? एखादं पोर असं आहे का, ज्याने तिलाच अडकवलं? वर्ग बंद पडायची वेळ कधी आली का? ती हे प्रमाणपत्रासाठी करत असेल तर दोन प्रश्नांत उघडं पडेल, आणि नसेल तर तेही दिसेल. एमआयटीच्या अर्जात कामांसाठी चारच जागा असतात, इतरत्र चालणाऱ्या कॉमन अॅप या सामायिक अर्जासारख्या दहा नाहीत. चारात मध्यमाचं प्रमाणपत्र बसवायचं की नाही हे तिने ठरवावं, तुम्ही नाही. शिवाय तिथे एक प्रश्न असतो, केवळ आनंदासाठी तू काय करतेस. कथ्थक तिथे येऊ शकेल, जर परीक्षा संपल्यावरही ती नाचत असेल.

आयएनएमओबद्दल. देशभरातून हजाराच्या आसपास मुलं तिथवर पोचतात, म्हणून ही गोष्ट लहान नाही, आणि एमआयटीत भारताच्या फाइल वाचणाऱ्याला ती नेमकी किती मोठी हे माहीत असतं. पण त्याच्या टेबलावर होमी भाभा केंद्राच्या शिबिरात गेलेल्यांच्या आणि सहा जणांच्या राष्ट्रीय संघातल्या मुलांच्याही फाइली येतात. म्हणजे ऑलिंपियाडच्या जोरावर ती निवडली जाणार नाही. तिच्या बाबतीत ऑलिंपियाडचं काम वेगळं आहे: सांगलीच्या एका अनोळखी शाळेतले ९७ टक्के खरे आहेत, याची ती बाहेरची साक्ष आहे.

आणि आता अकरावीचे ८३. तुम्ही हा आकडा ओघात लिहिलात, मी तिथेच थांबले. आपल्याकडे अकरावी म्हणजे सुट्टी अशी समजूत आहे. वर्षभर क्लास, शाळेच्या परीक्षेला नुसतं बसायचं. पण अमेरिकी विद्यापीठांचे नेहमीच्या फेरीचेही निकाल मार्चमध्ये लागतात, एमआयटीचे तर १४ मार्चला, गणितातल्या पायच्या (३.१४) मुहूर्तावर. आपल्या बारावीचा निकाल मे महिन्यात. म्हणजे निवड करताना त्यांच्यासमोर बारावी नसतेच. असते नववी, दहावी, अकरावी आणि शाळेने दिलेला बारावीचा अंदाज. त्यामुळे ज्या वर्षाकडे आपण दुर्लक्ष करतो, ते त्यांच्यासाठी सगळ्यात ताजं आणि सगळ्यात महत्त्वाचं वर्ष. ९७वरून ८३ ही घसरण त्यांना दिसणार. शाळा अकरावीला कडक गुण देत असेल, पहिल्या आलेल्यालाही ८६च असतील, तर ते मुख्याध्यापकांच्या पत्रात लिहून यायला हवं. आकडा त्याच वर्गाच्या संदर्भात वाचतात, पण संदर्भ कुणी दिला तरच. आणि खरोखरच क्लासमुळे मागे पडली असेल, तर सारवासारव करू नका. बारावीची सहामाही हे त्याचं उत्तर आहे.

दुसरी अडचण पत्रांची. एमआयटी दोन शिक्षकांची पत्रं मागते: एक गणित किंवा विज्ञानाचा, दुसरा भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचा. इथे आपली निम्मी मुलं अडतात. ज्यांनी ‘इंटिग्रेटेड’ घेतलंय, म्हणजे कॉलेज कागदावर आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये, त्यांना भाषेचे शिक्षक ओळखतच नाहीत. मग पत्र येतं: ‘ही एक मेहनती, आज्ञाधारक व सर्वगुणसंपन्न विद्यार्थिनी आहे.’ वाचणाऱ्याच्या लेखी हा कोरा कागद. काही ठिकाणी तर मजकूर मुलालाच लिहून आणायला सांगतात आणि खाली सही करतात. दोन्ही पत्रांत स्वल्पविरामसुद्धा सारखे असले की वाचणाऱ्याला कळतं, आणि मग बाकीच्या फाइलवरचाही विश्वास जातो. तुमची मुलगी रोज शाळेत जात असेल तर ती आधीच बऱ्याच जणांच्या पुढे आहे. प्रिन्स्टनला शिवाय शिक्षकाने तपासलेला, शेरे मारलेला एक लेखी निबंध लागतो. आपल्या शाळांत असा निबंध सहसा नसतो. तो आत्ताच, नेहमीच्या अभ्यासाचा भाग म्हणून लिहून घ्यायला हवा.

मग आकडा? देते. पण हा माझ्या डोक्यातला अंदाज आहे, मोजमाप नव्हे. फाइल चांगली उतरली, रविवारच्या वर्गात खरंच काही आहे, शाळेच्या पत्रात ८३चा संदर्भ आला, असं सगळं धरून एमआयटी शंभरात तीन-चार. प्रिन्स्टन तसंच. स्टॅनफर्ड, मदत मागून, शंभरात एक-दोन. यातलं काहीच झालं नाही तर तिन्ही ठिकाणी एकच्या खाली. तुम्हाला ३ आणि ३५ मधला फरक दुखेल. मला मात्र ३ आणि १ मधला फरक मोठा वाटतो, कारण तेवढाच तिच्या हातात आहे.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न: अशा पंधरा ठिकाणी अर्ज केले तर एक तरी लागेल ना? गणित येणारे पालक लगेच हिशेब मांडतात. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के धरा, पंधरा अर्ज, तर कुठेतरी मिळण्याची शक्यता ५४ टक्के. मुलीलाच विचारा या हिशेबात चूक काय, ती सांगेल. हा हिशेब प्रत्येक अर्ज स्वतंत्र नाणेफेक असल्यासारखा आहे. पण पंधराही ठिकाणी तेच गुण, तीच पत्रं, जवळपास तोच निबंध जातो. पत्रं कोरी असतील तर पंधरा ठिकाणी कोरी. म्हणून दरवर्षी एखादं मूल चार ठिकाणी निवडलं जातं आणि त्याच्यासारखीच दिसणारी तीन मुलं पंधराही ठिकाणाहून परत येतात. तुमच्या हिशेबात ५४ निघालं तर मी त्याचे वीस-पंचवीस धरते. (ज्या सल्लागारांच्या फलकावर ‘आमचे ४० विद्यार्थी आयव्हीत’, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या पंक्तीतल्या विद्यापीठांत, असं असतं, तिथे ४० प्रवेश की ४० मुलं हे जरूर विचारा. चार ठिकाणी मिळालेलं एकच मूल चारदा मोजायची चाल जुनी आहे.)

म्हणून माझ्याकडे यादी उलटी बनते, खालून वर. आधी अशी दोन ठिकाणं, जिथे प्रवेशाची चांगली आशा आहे, पैशाची अडचण नाही, आणि जिथे ती आनंदाने जाईल. ‘आनंदाने’ हा शब्द महत्त्वाचा. नाव लिहायचं आणि मनात म्हणायचं तिकडे कोण जातंय, तर ते ठिकाण यादीत नसल्यासारखंच. तुमच्या मुलीसाठी मला इथे चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट दिसते, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचं (आयएसआय) बंगळुरूचं बी.मॅथ किंवा कोलकात्याचं बी.स्टॅट. सोपी ठिकाणं नाहीत, पण तिथल्या प्रवेश परीक्षेत विचार करायला लावणारी गणितं असतात आणि तिची गेल्या दोन वर्षांची तयारी नेमकी तीच आहे. जेईई देणार असेल तर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्थाही (आयआयएससी). अशोकासारख्या खासगी विद्यापीठात गरजेनुसार मदत मिळते. गणितच आवडतं, बाकी गोष्टी सांगत बसायला आवडत नाही, असा तिचा पिंड असेल तर केंब्रिजचाही विचार करा: तिथे मुलाखतीत गणितं सोडवायला लावतात आणि पुढे स्टेप नावाच्या परीक्षेची अट घालतात. कटऑफची सवय असलेल्यांना ते जग जास्त ओळखीचं वाटतं. फक्त पदवीसाठी पैशाची मदत तिथे अमेरिकेइतकी नाही, म्हणून ते वर ठेवा, खाली नाही.

त्यावर अमेरिकेतली छोटी महाविद्यालयं: अॅमहर्स्ट, बोडन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर. आपल्याकडे ही नावं कुणाला सांगून कळत नाहीत, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच नाही, त्यामुळे यादीतून आधी हीच उडतात. मदतीच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सैल आहे. आणि सगळ्यात वर एमआयटी आणि प्रिन्स्टन. स्टॅनफर्ड ठेवायचं तर ठेवा.

व्हिसाचाही विचार करायला हवा. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेतला, दुसऱ्या दिवशी न्यायालयाने ते थांबवलं. प्रवेशाच्या शक्यतेत असल्या गोष्टी धरता येत नाहीत, पण खालची दोन ठिकाणं भारतातली असावीत असं मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहून ठेवते: तुमच्या पत्रात मुलीचं एकही वाक्य नव्हतं. तिला एमआयटी हवंय की तुम्हाला, हे मला कळलं नाही. पुढचा मेल तिला लिहू द्या. विषय रविवारच्या वर्गाचा, एक पानभर, मराठीत लिहिला तरी चालेल. तो वाचून मी तीनचे पाच करीन किंवा एक करीन.

तोवर दोन कामं. मुख्याध्यापकांना भेटून अकरावीला वर्गात पहिल्या आलेल्याला किती गुण होते ते विचारा. आणि इंग्रजीच्या सरांकडे पत्राचं गणपतीच्या आधी बोला. लवकरच्या फेरीची तारीख १ नोव्हेंबर असते, सहामाही आणि दिवाळी त्याच्या आगेमागेच येतात. पेपर तपासत बसलेल्या माणसाकडून चांगलं पत्र लिहून होत नाही.